पाइप मऊ करणारं तेल

मी पंधरा वर्षं एका दवाखान्यात आहार सांगायचं काम केलं. दवाखाना लहान होता, रेल्वे स्टेशनच्या पुढे पैठण रस्त्याला लागून. जिन्याखाली माझं टेबल, समोर दोन खुर्च्या आणि छापील कागदांचा गठ्ठा. डॉक्टर पेशंटला तपासून माझ्याकडे पाठवायचे. मी त्याला विचारायचे, तो काय खातो, किती खातो, साखर किती, भात किती, तेल किती. मग कागदावर खुणा करून काय बंद करायचं ते सांगायचे. बहुतेक लोक साखरेचे, म्हणजे मधुमेहाचे. त्यांच्यात मी कडक म्हणून प्रसिद्ध होते. माझ्याकडे यायच्या आधी लोक बाहेरच्या बाकावर बसून काय सांगायचं ते ठरवून ठेवायचे, असं एकदा शिपायानं मला हसत सांगितलं होतं. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटला होता.

लग्न होऊन कन्नड गावाहून शहरात आले तेव्हा शहराच्या कडेच्या आमच्या सातारा परिसरात चारच इमारती होत्या. मी नोकरीला लागले तोवर तिकडे सगळीकडे स्लॅब पडायला लागले होते. माणसं राहायला आली, शाळा आल्या, दुकानं आली, पाणी मात्र आलं नाही. आमचा भाग तेव्हा महापालिकेत नव्हता. बोअर आटले की टँकर. मी सांगते आहे ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत मृतसाठा उरला होता आणि रोज सकाळी कुठल्या इमारतीसमोर टँकर उभा आहे ते गॅलरीतून बघणं हे घरातलं पहिलं काम झालं होतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर चितेगावची एक बाई माझ्याकडे आली. पस्तिशीच्या आतली असेल. अंगानं काटकुळी, गालफडं बसलेली. बरोबर सासू होती, ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला साखरेचा आकडा बघून मी बाईकडे पुन्हा पाहिलं. एवढ्या बारीक बाईला एवढी साखर मी फार कमी वेळा पाहिली होती. तिच्या आईवडलांना नव्हती, भावांना नव्हती.

मी नेहमीच्या क्रमानं विचारत गेले. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, संध्याकाळी भाकरी नाहीतर खिचडी. चहा दोनदा. गोड सणावाराला.

"तेल किती लागतं?" मी विचारलं.

"दिवसाला एक टिपाड," ती म्हणाली.

मागे रांगेत उभे असलेले दोघंतिघं हसले. टिपाड म्हणजे अख्खं पिंप. मला वाटलं, बाई माझी थट्टा करते आहे. तिच्या लक्षात आलं, तशी ती गडबडली. "कंपनीतलं म्हनले मी. घरी पावकिलो पुरतंय आठवडाभर. कंपनीत पाइपाला लागतंय वो, तेल नाय घातलं तर पाइप मऊ येत नाय."

ती चितेगावला पाइप बनवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होती. आपण अंगणात झाडांना पाणी घालायला वापरतो तसला मऊ, वेटोळं होणारा पाइप. दुष्काळात टँकरमधून पाणी ओढायला तोच लागायचा, त्यामुळे काम भरपूर होतं. ती मोठ्या उत्साहानं पावडर आणि तेल कसं कालवतात ते सांगायला लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, कंपनीचं राहू द्या, पोटात काय जातं तेवढं सांगा.

तिला कागद दिला, समजावून सांगितला, पुढच्या माणसाला बोलावलं.

महिन्यानं ती परत आली तेव्हा साखर आणखी वाढलेली होती. गोळ्या वेळेवर घेत होती, पाकिटं दाखवली तिनं मला. म्हणजे गोळ्यांची चूक नाही, मग खाण्याचीच असणार, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात होतं. मी तिला सरळ विचारलं की चोरून काय खाता. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली, खाली बघून. खाली बघणारी माणसं खोटं बोलतात असंही मला तेव्हा वाटायचं. मी म्हटलं, "अहो बाई, माझ्याशी खोटं बोलून माझं काही बिघडत नाही. तुमचंच नुकसान आहे."

मग मी एक गोष्ट केली, जी आज सांगतानाही जड जाते. मी बाहेरच्या बाकावरून तिच्या सासूला आत बोलावलं आणि तिच्यासमोर म्हटलं, "मावशी, यांच्यावर लक्ष ठेवा. साखरेचा आणि गुळाचा डबा तुमच्या ताब्यात घ्या."

सासू साठीची, नऊवारी नेसलेली, मोजकं बोलणारी. तिनं मान हलवली. सुनेनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दोघी गेल्या. डॉक्टरांनी त्या दिवशी गोळीचा डोस वाढवून दिला होता.

त्यानंतर ती आलीच नाही. पहिला महिना माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी एकदा विचारलं, ती चितेगावची बारीक बाई दिसली नाही. मी म्हटलं, सर, पथ्य झेपत नाही म्हणून येत नसेल. डॉक्टर तेव्हा साठीला आले होते. कमी बोलायचे आणि पेशंटचं पूर्ण ऐकून घ्यायचे, त्यामुळे त्यांची ओपीडी नेहमी उशिरा संपायची आणि आम्हा सगळ्यांची त्यावर कुरकुर असायची.

मे महिन्यात आमच्या घरचा पाइप चिरला. दोनच वर्षांपूर्वी घेतलेला होता. गच्चीवर उन्हात पडून पडून तो कडक झाला होता, वाकवला की कट्‌ आवाज व्हायचा. टँकर दारात, शेजारीपाजारी रांगेत, आणि आमच्या पाइपातून निम्मं पाणी रस्त्यावर. शहरात विचारलं तर दुकानांमध्ये पाइप नव्हता, सगळ्यांनाच हवा होता. एका दुकानदारानं सांगितलं, माल चितेगावहून येतो, घाई असेल तर तिथं शेडवर जाऊन थेट घ्या. रविवारी मी आणि माझे मिस्टर स्कूटरवर निघालो.

त्या रस्त्यावरून मी कितीदा गेले असेन. धरणातून शहराकडे येणारी पाण्याची मोठी लाइन रस्त्याच्या कडेनं दिसते. जिथं जिथं तिचा व्हॉल्व्ह गळत होता तिथं बायका घागरी, कळशा, तेलाचे रिकामे डबे घेऊन बसलेल्या होत्या. शेतं करडी पडली होती. नक्षत्रवाडी मागे टाकली, आणि चितेगावच्या आधी उजवीकडे वळल्यावर विचारत विचारत ती शेड सापडली. रविवार असूनही चालू होती.

पत्र्याची शेड होती. आत पाऊल टाकलं आणि वासानं घसा धरला. नवीन पावसाळी चप्पल पेटीतून काढल्यावर येतो तसला वास, पण गरम आणि तेलकट. एका टोकाला मशीनमधून हिरवा पाइप सरसर बाहेर येत होता आणि दोन बायका त्याची बंडलं बांधत होत्या. दुसऱ्या टोकाला मिक्सर होता, माणसाच्या छातीएवढा उंच. त्याच्याजवळ एक बाई टिपाडातून मगानं तेल काढून आत ओतत होती. डोक्याला फडकं बांधलेलं, भुवया पावडरीनं पांढऱ्या झालेल्या, कोपरापर्यंत हात तेलानं चमकत होते. हातातला मग रिकामा झाला की ती हात लुगड्याच्या पदराला पुसायची आणि पावडरीचं पोतं उचलायची.

तिनं मला आधी ओळखलं. मी तिला ओळखलं तेव्हा ती पदर तोंडावर घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. मी तिच्या कामाच्या ठिकाणी तिची झडती घ्यायला आले आहे असं तिला वाटलं असावं.

मी जवळ गेले, बरं आहे का विचारलं. ती व्हय म्हणाली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. मिस्टर मालकाशी पाइपाचं बोलत होते, बंडल तयार व्हायला अर्धा तास लागणार होता. मी बायकांच्या मागे शेडबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

त्यांनी हात धुतले नाहीत. धुवायला पाणीच नव्हतं. प्यायला एक जार होता, तो दिवसभर पुरवायचा. मशीनजवळच्या चिंध्यांच्या ढिगातून एकेक चिंधी घेऊन त्यांनी हात पुसले आणि भाकरीची फडकी सोडली. त्या बाईच्या भाकरीवर बोटांचे तेलकट ठसे उमटलेले मी पाहिले. नाक्यावरच्या हॉटेलातून एकानं चहा आणला, उकळता, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. पिशवीचं टोक कापून तो प्लास्टिकच्या कपांत ओतला. मलाही दिला. मी घेतला. घरीही आम्ही पार्सलची गरम आमटी तशाच पिशवीत आणत होतो, मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

मी त्या बाईला विचारलं की दवाखान्यात का आला नाहीत. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. तिच्या शेजारी बसलेली, वयानं थोडी मोठी बाई बोलली. ती पाइप गुंडाळायच्या कामावर होती. म्हणाली, "कोणत्या तोंडानं येणार? आन् परवा इथंच पडली ती. घामानं भिजली, हातपाय थरथरायला लागले. आम्ही हॉटेलातून साखर आणून तोंडात घातली तवा डोळे उघडले."

मला कळलं काय झालं असणार. डोस वाढवलेला, आणि पोटात काही नाही. अशा वेळी साखर एकदम खाली येते आणि लगेच गोड खावं लागतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी गोड बंद एवढंच सांगितलं होतं.

मी विचारलं, घरीही असं होतं का. ती म्हणाली, होतं, सकाळी पाणी भरून आल्यावर. मग काय करता? उत्तर दुसऱ्या बाईनंच दिलं. दवाखान्यातून गेल्या त्या दिवशी सासूनं साखरेचा न् गुळाचा डबा लोखंडी पेटीत घातला आणि कुलूप लावलं. किल्ली सासूच्या कमरेला. एकदा हात थरथरायला लागले म्हणून तिनं शेजारणीकडून गुळाचा खडा मागून आणला, तो सासूनं बघितला. म्याडम म्हनत होत्या ते खरं निघालं, असं सासू सगळ्या गल्लीसमोर म्हणाली. नवराही त्या दिवसापासून तिच्याकडे संशयानं बघायला लागला. अक्षय्य तृतीयेला घरात आमरस झाला तेव्हा तिला वाढला नाही. तिच्या सात वर्षांच्या मुलीनं आपली वाटीही पुढे ढकलली, आई खात नाही तर मला नको म्हणाली, आणि त्यावरून पोरीला बोलणी बसली.

हे सगळं दुसरीच्या तोंडून चाललेलं असताना ती बाई भाकरी खात होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी खरंच खाल्लं नव्हतं, ताई."

मॅडमची मी ताई कधी झाले ते मला कळलं नाही. मी तिला म्हटलं, "मी चुकले. तुम्ही दोनदा सांगितलं आणि मी ऐकलं नाही."

ती म्हणाली, "तुम्ही कागदावर लिवलेलं सांगत व्हत्या. तुमचा काय दोष."

परत येताना पाइपाचं बंडल माझ्या मांडीवर होतं. नवाकोरा, मऊ, अजून कोमट. माझ्या दोन्ही हातांना त्याचा वास लागला होता आणि घरी साबणानं धुतले तरी संध्याकाळपर्यंत गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यातून टाकीत पाणी घेतलं तर आमचा धाकटा मुलगा म्हणाला, पाण्याला पाइपाचा वास येतो. मोठ्या माणसांनी त्याला दोन दिवसांत जाईल म्हणून सांगितलं.

सोमवारी ओपीडी संपल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. ते रागावतील म्हणून मी तयार होते. ते रागावले नाहीत. आधी त्यांनी स्वतःचंच सांगितलं, की डोस वाढवताना ती दुपारी किती वाजता जेवते हे त्यांनीही विचारलं नव्हतं. मग ते त्या तेलाबद्दल विचारत राहिले. रंग कसा, किती ओततात, मिक्सर गरम असतो का, हातमोजे घालतात का.

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. पाइप, पडदे, काही पिशव्या असलं मऊ प्लास्टिक मुळात कडकच असतं. त्यात असली तेलं घालून ते मऊ करतात. ते तेल प्लास्टिकमध्ये पक्कं बांधलेलं नसतं, हळूहळू बाहेर येतं. पाण्यात, हवेत, गरम आणि तेलकट अन्नात तर जास्तच. आमचा जुना पाइप कडक झाला होता तो त्यातलं बरंचसं निघून गेलं म्हणूनही. कडक प्लास्टिकच्या काही डब्यांमध्ये आणखी वेगळी रसायनं असतात. ही शरीरात गेली की आपल्याच शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल केल्यासारखी वागतात आणि त्यांच्या कामात लुडबूड करतात. इन्सुलिनचं काम त्यानं मंदावत असावं अशी शंका बऱ्याच संशोधकांना आहे. ज्यांच्या लघवीत ही रसायनं जास्त सापडली त्यांच्यात मधुमेहही जास्त दिसला, असं काही ठिकाणी आढळलं आहे.

"म्हणजे तिला त्यानंच झाला?" मी विचारलं.

"तसं मी म्हणू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणीच म्हणू शकत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीनं दुसरी झाली असं होत नाही. बारीक माणसांनाही आपल्याकडे मधुमेह होतो, लहानपणी उपासमार झालेल्यांना होतो, काहींना का होतो तेच कळत नाही. पण तिनं चोरून गोड खाल्लं म्हणून झाला, हे आपण ज्या खात्रीनं म्हटलं, तेवढी खात्री आपल्याला कशाचीच नव्हती."

त्यांनी "आपण" म्हटलं, "तुम्ही" म्हटलं नाही, हे माझ्या चांगलं लक्षात राहिलं आहे.

त्याच आठवड्यात मी शेडवर निरोप पाठवला आणि सासू-सून दोघी आल्या. या वेळी डॉक्टरांनी दोघींना एकदम आत घेतलं आणि मलाही बसायला सांगितलं. सासू दारातच म्हणाली की किल्ली माझ्याकडेच आहे, मी कणभर देत नाही. ती कौतुकाच्या अपेक्षेनं सांगत होती.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "मावशी, तुमच्या सुनेनं काही चोरून खाल्लेलं नाही. आमचं सांगायचं चुकलं. उलट अंग थरथरलं की तिला लगेच साखर लागते, नाही मिळाली तर जिवावर बेतेल. ती साखर तिच्या हाताशी असू द्या."

सासूनं सुनेकडे बोट केलं. "मग हिला कशानं झालं?"

"नक्की माहीत नाही. अंगात साखर जिरवणारा रसच मुळात कमी असेल. कंपनीतल्या तेलाचाही थोडा हात असू शकेल. नसेलही."

"पर हिनं खाल्लं नाय."

"नाही."

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला नाही की सुनेला जवळ घेतलं नाही. ती भिंतीकडे बघत बोलायला लागली. तिच्या नवऱ्याला साखर होती. तो ऐकायचा नाही, लग्नकार्यात जाऊन बुंदी खायचा. आधी अंगठा काढला, मग पाय घोट्यापासून, मग गुडघ्यापासून. शेवटची तीन वर्षं तिनं त्याला पाठीवर घेऊन मोरीत नेलं होतं. "मला वाटलं, हिचंबी तसंच व्हईल. म्हनून कुलूप घातलं," ती म्हणाली. "हिच्या बापालाबी मी लई बोलले. लेकीला वळण नाय म्हनले."

सून म्हणाली, "जाऊ द्या आत्याबाई." तेवढंच. त्या भागात सासूला कुणी आत्याबाई म्हणतं, तशी ती म्हणायची. मी कागद घेऊन तिला नव्यानं सगळं लिहून दिलं, या वेळी तिला विचारून. किती वाजता उठता, पाणी भरायला किती वाजता जाता, जेवणाची सुट्टी कधी. सकाळी पाण्याला जायच्या आधी अर्धी भाकरी खायची, कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवायची, जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे. शेवटचं ऐकून ती हसली आणि म्हणाली, पाणी?

डॉक्टरांनी मालकाला चिठ्ठी लिहून देतो म्हटलं. ती नको म्हणाली. तिला कामावरून काढतील अशी भीती होती. ती स्वतःच बोलते म्हणाली, आणि बोललीही. मालक काही वाईट माणूस नव्हता. तो स्वतः त्याच वासात दिवसभर बसायचा आणि त्यालाही साखर होती, हे मला नंतर कळलं. त्यानं तिला मिक्सरवरून काढून बंडलं बांधायच्या कामावर घेतलं. हातमोजेही आणून दिले, पण त्या उन्हाळ्यात ते कुणी तासभरही घालू शकलं नाही.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मला वाटलं ती खुश असेल. तर ती म्हणाली, "माझ्या जागी दुसरी उभी राहिली, ताई. बिडकीनची हाय, नवी. पोटुशी हाय."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की पोटुशी बाईला तिथून हलवायलाच पाहिजे. पण मग तिच्या जागी कोण, हा प्रश्न राहिलाच. चितेगावच्या बाईनं काय केलं ते मी सांगते. तिनं सगळ्या बायकांना गोळा केलं आणि मालकाकडे एकच मागणं मागितलं, की शेडवर येणाऱ्या टँकरमधलं एक टिपाड पाणी फक्त हात धुवायला वेगळं ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. मशीन थंड करायला पाणी लागतं, ते फिरवून फिरवून वापरता येतं, हे ती एवढी वर्षं बघत होती, तेही तिनं त्याला सांगितलं. त्या वर्षी एक टिपाड पाणी म्हणजे काय होतं, हे ज्यानं ते दिवस काढले त्यालाच कळेल. मालक दोन दिवस नाही म्हणाला, तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. पोटुशीबद्दलचं डॉक्टरांचं म्हणणंही तिनं त्याच्या कानावर घातलं, तशी बिडकीनची बाई मिक्सरवरून बंडलांवर आली आणि मिक्सरवर मालकाचा भाऊ उभा राहिला, तेलाच्या टिपाडाला नळ बसवून, मगाशिवाय.

चितेगावच्या बाईची साखर त्यानंतर उतरली. नीट खाणं, वेळेवर गोळी, थरथर बंद. पण पूर्ण गेली नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पाइपाची मागणी एकदम बसली आणि शेड बंद पडली. ती बिडकीनजवळ एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली. तेलाशी संबंध तुटला, तरी साखर तशीच राहिली. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे तेलाचा संबंध नव्हता तर. ते म्हणाले, त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, एकदा बिघडलेलं कधी कधी दुरुस्त होत नाही. मला त्यांच्या अशा बोलण्याचा पूर्वी वैताग यायचा. नंतर नंतर त्यातच बरं वाटायला लागलं.

माझ्या घरात मी काही गोष्टी बदलल्या. मुलांचे डबे स्टीलचे केले. गरम आमटी पिशवीत आणणं सोडलं, घरून पातेलं नेऊ लागलो, आणि हॉटेलवाला पहिल्यांदा हसला. पाइपातलं पहिलं पाणी प्यायच्या टाकीत जाऊ द्यायचं नाही, ते फरशी पुसायला. याहून जास्त काही करता आलं नाही. गच्चीवर प्लास्टिकचीच काळी टाकी होती, आजही आहे. दवाखान्यातल्या माझ्या छापील कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी हातानं लिहायला लागले, पेशंट काय काम करतो, हाताला काय लागतं, जेवायला किती वाजता मिळतं. ओपीडी आणखी उशिरा संपायला लागली. आता शिपाई माझ्यावर कुरकुरायचा.

ती बाई दर तीन महिन्यांनी येत राहिली. सासू गेली त्या वर्षी ती एकटी आली आणि आत्याबाईंनी शेवटच्या आजारात सुनेच्याच हातचं खाल्लं, दुसऱ्या कुणाच्या हातचं घेतलं नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

मग एका वर्षी ती मुलीला घेऊन आली. मुलगी अकरावीला होती, आईपेक्षा उंच, डोळ्यांत तीच सावध नजर. मुलगी वजन करायला गेली तेव्हा आई खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, "ही पोटात व्हती तवा मी मिक्सरवर व्हते, ताई. नवव्या महिन्यापर्यंत. झाल्यावरबी चार महिन्याची घेऊन जायचे, बंडलांच्या मधी निजवायचे. मऊ लागायचं न् तिथं. हिला व्हईल का?"

हा प्रश्न ती किती वर्षं मनात घेऊन येत होती कुणास ठाऊक. मला तिला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण या बाईशी मी एकदा नसलेल्या खात्रीनं बोलले होते. मी म्हटलं, "मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नसेल. आपण दर वर्षी तपासू. काही निघालंच तर लवकर कळेल."

तिनं वजनकाट्यावरच्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. तुम्ही माहीत नाय म्हनलात ते बरं केलं."

मुलीची साखर त्या वर्षी चांगली होती. पुढच्या वर्षीही. मी नोकरी सोडली त्याला आता काही काळ झाला, डॉक्टरही घरीच असतात, पण त्या दोघी दर वर्षी उन्हाळ्यात दवाखान्यात येतात आणि रिपोर्ट मिळाला की मला फोन करतात. मुलगी पैठणला कॉलेजात आहे. मागच्या खेपेला मी मुद्दाम दवाखान्यात गेले. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून मुलगी सकाळपासून काही न खाता आली होती आणि चिडचिड करत होती. रक्त देऊन झाल्यावर आईनं बाहेरच्या बाकावर डबा उघडला, मेथीची भाजी, पोळ्या, वर आंब्याची एक फोड. मुलगी आईच्या आधी जेवायला बसली. खाता खाता मला म्हणाली की पुढच्या वर्षी मी एकटीच येईन, आईला कशाला त्रास.

"मी येनार," आई म्हणाली, आणि तिच्या पुढ्यात आणखी एक पोळी ठेवली.